दोन गाण्यांच्या मधला आवाज

ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर कलावंतांच्या नावांची जी यादी छापलेली असते, ती फार थोडे लोक अखेरपर्यंत वाचतात. गाणारा कोण आणि वाजवणारा कोण एवढे कळले की ऐकणाऱ्याची जिज्ञासा बहुधा शमते आणि उरलेली नावे वेष्टनाच्या घडीत तशीच पडून राहतात. त्या उरलेल्यांत कधी कधी असे एखादे नाव असते, की त्या माणसाने नेमके काय केले हे एका शब्दात सांगता येत नाही. त्याने गाण्याचा भार उचललेला नसतो, वाद्य हाती धरलेले नसते, तरीही त्याच्या सोबत्यांनी त्याला आपल्यातला एक मानलेले असते आणि तसे छापूनही घेतलेले असते. हिप-हॉप या संगीतप्रकाराच्या इतिहासात अशी नावे पुष्कळ आहेत, आणि त्यांपैकी एक नाव जरोबी व्हाइट याचे आहे.

‘अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट’, म्हणजे ‘शोध या नावाची जमात’, हा समूह न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स विभागातील सेंट आल्बन्स या वस्तीच्या आसपास 1980 नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात आकाराला आला. क्यू-टिप हे टोपणनाव घेतलेला रॅपर, म्हणजे तालावर यमकबद्ध बोलणारा कलावंत, त्याचा बालमित्र फाइफ डॉग, ब्रुकलिनमधून येणारा आणि तबकड्यांवर काम करणारा अली शहीद मुहम्मद, आणि चौथा जरोबी, असे हे चौघे होते. समूहाच्या नावातला ‘शोध’ तेवढा मूळचा त्यांचा. त्याला ‘जमात’ जोडून दिली ती ‘जंगल ब्रदर्स’ या त्यांच्या मित्रसमूहाने, जो मॅनहॅटनमध्ये क्यू-टिपच्याच शाळेत शिकत होता. जमात हा शब्द या कहाणीपुरता तरी सैलपणे वापरलेला नाही. जमातीत माणसाचे स्थान त्याच्या कौशल्यावरून ठरत नाही. तो तिथला असतो एवढे पुरेसे असते.

समूहाच्या आरंभीच्या दिवसांत फाइफ हा पूर्णवेळचा सभासद नव्हता. क्यू-टिप आणि अली यांच्या चाचणीच्या मुद्रणांत तो सामील होत असे, परंतु करारात स्वतःला बांधून घ्यायची त्याची तयारी नव्हती, आणि ती तयारी झाली ती जरोबी समूहात आल्यानंतर. पुढे हाच फाइफ आपल्या टोकदार, चढ्या आवाजाने क्यू-टिपच्या मऊ, नाकातून येणाऱ्या आवाजाला असा छेद देऊ लागला, की त्या दोन आवाजांची जोडी हिप-हॉपमधील सर्वांत सुंदर संवादांपैकी एक मानली गेली. ज्या माणसाच्या येण्यामुळे दुसरा कोणी थांबतो, त्याच्या कामाला यादीत कोणता शब्द द्यावा, हा प्रश्न इथे प्रथम पडतो. ‘सूत्रधार’ म्हणावे तर तो काही चालवत नाही, आणि ‘सोबती’ म्हणावे तर तो शब्द फारच साधा वाटतो, जरी कदाचित तोच सर्वांत बरोबर असेल.

एप्रिल 1990 मध्ये या समूहाची पहिली ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. ‘पीपल्स इन्स्टिंक्टिव्ह ट्रॅव्हल्स अँड द पाथ्स ऑफ रिदम’ हे तिचे लांबलचक नाव, आणि आत विशीच्या उंबरठ्यावरच्या मुलांची एक अघळपघळ भटकंती, जिच्यात कोणालाही कुठे पोहोचण्याची घाई नाही. ती एका तान्ह्या बाळाच्या रडण्याने सुरू होते. एका गाण्यात कॅलिफोर्नियातील एल सेगुंडो या गावी विसरून आलेल्या पैशाच्या पाकिटाची कथा आहे. दुसऱ्या एका गाण्याचा पाया लू रीड या गायकाच्या 1972 मधील गाण्यातून उचललेला आहे. अशा रीतीने जुन्या मुद्रिकेतील एखादा तुकडा कापून, त्याची आवर्तने करून त्यावर नवे गाणे रचण्याच्या पद्धतीला ‘सॅम्पलिंग’ म्हणतात. त्या तुकड्यातली घसरत जाणारी खर्जाची ओळ मुळात वाजवली होती हर्बी फ्लॉवर्स या इंग्रज वादकाने, जो दिवसाच्या मोबदल्यावर कोणाच्याही मुद्रणाला जाऊन वाजवत असे, आणि ज्याने ती ओळ उभ्या डबल बेसवर आणि विजेच्या बेस गिटारवर अशी दोनदा वाजवून एकावर एक चढवली होती. जगाला गाणे लू रीडचे म्हणून ठाऊक आहे, आणि ते योग्यही आहे. पण त्या गाण्याची चाल ज्या पावलांनी चालते ती पावले फ्लॉवर्सची आहेत.

या पहिल्या मुद्रिकेत फाइफ अवघ्या चार गाण्यांत ऐकू येतो. जरोबीचे ठिकाण आणखी वेगळे आहे. तो गाण्यांच्या मधल्या जागांत आहे: एक गाणे विरत जाते, दुसरे अजून सुरू व्हायचे असते, आणि त्या पोकळीत त्याचा बोलण्याचा आवाज येतो, कुठे निवेदन करणारा, कुठे नुसताच बरोबर असणारा. त्या बोलण्याला यमक नाही आणि ते पाठ करून ठेवावे असेही त्यात काही नाही. परंतु प्रवासाच्या ज्या कल्पनेवर सगळी मुद्रिका उभी आहे तिला या बोलण्याने एक वास्तव मिळते, कारण प्रवासात मुक्कामांपेक्षा मधला रस्ता जास्त असतो आणि रस्त्यावर माणसे गात नसतात, बोलत असतात.

हिप-हॉपच्या उगमाकडे पाहिले तर असा माणूस तिथे परिघावर नव्हता, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ब्रॉन्क्स विभागातील सेजविक मार्गावरच्या 1520 क्रमांकाच्या इमारतीत 11 ऑगस्ट 1973 रोजी कूल हर्क या जमैकात जन्मलेल्या तरुणाने आपल्या बहिणीच्या पुढाकाराने जो नाचाचा कार्यक्रम केला, तो या कलेचा आरंभ मानला जातो. गाण्यातला जो थोडा भाग केवळ तालाचा असतो, ज्याला ‘ब्रेक’ म्हणतात, तो दोन तबकड्यांवर पुन्हा पुन्हा वाजवून लांबवायचा आणि त्यावर लोकांना नाचवायचे, हे डीजेचे काम. हातात ध्वनिक्षेपक घेऊन त्या नाचणाऱ्यांना बोलते ठेवणे हे ‘एमसी’ म्हणवणाऱ्याचे काम. पोवाड्यात शाहिरामागे झीलकरी जी उसळी देतो तिचे कार्य मराठी वाचकाला ठाऊक आहे. इथे त्या उसळीनेच कार्यक्रमाची सुरुवात झाली आणि ‘शाहीर’ मागाहून आला, एवढा मात्र फरक.

ग्रँडमास्टर फ्लॅश या डीजेच्या सोबतीला जो पहिला एमसी उभा राहिला, त्याचे नाव कीथ विगिन्स, आणि लोक त्याला काउबॉय म्हणत. गर्दीला हात वर करायला लावणे, टाळ्या वाजवायला लावणे, तिच्याकडून प्रत्युत्तर वसूल करणे यात त्याची बरोबरी करणारा कोणी नव्हता, असे त्या काळचे साक्षीदार सांगत आले आहेत. सैन्यात भरती होणाऱ्या एका मित्राची थट्टा करताना कवायतीच्या पावलांची नक्कल म्हणून त्याने जे दोन निरर्थक शब्द आळवले, त्यांतून ‘हिप-हॉप’ हे नावच निघाले, असे श्रेय त्याला दिले जाते. परंतु 1982 मध्ये ‘द मेसेज’ हे फ्लॅशच्या समूहाचे सर्वांत कीर्तिमान गाणे मुद्रित झाले तेव्हा त्यात मुख्य आवाज मेली मेल आणि समूहाबाहेरचा ड्यूक बूटी या दोघांचेच होते, आणि समूहातील बाकीचे ऐकू येतात ते शेवटी, रस्त्यावरच्या एका छोट्या नाट्यप्रसंगात. त्या प्रसंगात मित्र जमत असतात आणि कोणीतरी दुरून आलेली हाक ऐकून ती काउबॉयचीच असावी असे ओळखतो. मग पोलिसांची गाडी येते आणि सगळ्यांना घेऊन जाते. ज्याने या कलेला नाव दिले असे म्हणतात, तो तिच्या सर्वांत प्रसिद्ध गाण्यात असा केवळ ओळखीच्या आवाजापुरता उरलेला आहे. सप्टेंबर 1989 मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्याचा मृत्यू झाला.

काउबॉय आणि जरोबी या दोघांची तुलना फार ताणू नये. एक गर्दीचा राजा होता, दुसरा मित्रांच्या घोळक्यातला चौथा. एकाला काळाने बाजूला सारले, दुसरा आपण होऊन बाजूला झाला. तरी दोघांच्या बाबतीत एक गोष्ट समान दिसते. 1979 मध्ये ‘रॅपर्स डिलाइट’ हे गाणे तबकडीवर येऊन खपले आणि अंगणात, बागेत, तळघरात रात्रभर चालणारी ही कला काही मिनिटांच्या मुद्रणात बसवणे भाग पडले. मुद्रणयंत्र शब्द टिपते, ताल टिपते, श्वासही टिपते. पण एका माणसाच्या खोलीत असण्याने इतरांच्या बोलण्याला जी मोकळीक येते ती टिपण्याची सोय त्यात नाही. म्हणून ज्यांचे देणे शब्दांत होते त्यांची कीर्ती टिकली, आणि ज्यांचे देणे उपस्थितीत होते ते यादीच्या तळाशी गेले. यात अन्याय कोणी जाणूनबुजून केलेला नाही, आणि म्हणूनच तो दुरुस्त करायला कोणी सापडत नाही.

पहिल्या मुद्रिकेनंतर जरोबीने समूह सोडला आणि तो पाककलेच्या शिक्षणाकडे वळला. कीर्तीचे दार नुकते किलकिले झालेले असताना एका तरुणाने पाठ फिरवून चुलीकडे जावे, याचा उल्लेख हिप-हॉपवरील लेखनात बहुधा एका ओळीत आणि किंचित नवलाच्या सुरात येतो. त्या ओळीपाशी अधिक थांबले पाहिजे. न्यूयॉर्कमधील ज्या रेस्तराँच्या स्वयंपाकघरांत तो पुढे राबला, ती स्वयंपाकघरे म्हणजे घरातल्या ओट्याची मोठी आवृत्ती नव्हेत. तिथे चुलींची एक रांग असते आणि प्रत्येक आचाऱ्याला त्या रांगेतली एक जागा नेमून दिलेली असते: कोणी भाजणीला, कोणी तळणाला, कोणी थंड पदार्थांना. पाहुणे यायच्या कितीतरी आधी चिरणे, सोलणे, रस्से आटवणे सुरू होते आणि प्रत्येक वस्तू हाताच्या अंतरावर आपापल्या भांड्यात बसवली जाते. या मांडामांडीला फ्रेंच परंपरेत ‘मिझां प्लास’ म्हणतात, आणि तिचा शब्दशः अर्थ ‘जागच्या जागी ठेवणे’ एवढाच आहे. मग रात्रीचा ओघ सुरू झाला की एक जण मागण्या मोठ्याने पुकारतो आणि चुलींच्या रांगेतून त्याला तितक्याच मोठ्याने होकार येतो, कारण होकार आला नाही तर मागणी ऐकली गेली की नाही हे कळायला दुसरा मार्ग नसतो.

पुकारा आणि प्रतिसाद, सगळ्यांनी एकाच वेळी एका तालात असणे, आणि समोरच्या दालनात बसलेल्यांना यातले काहीही न दिसणे: जरोबीने एक प्रकारचे काम सोडून दुसऱ्या प्रकारचे काम धरले असे म्हणण्यापेक्षा, ज्या कामाला मुद्रणकक्षात जागा उरली नव्हती ते काम अजून ताठ मानेने चालते अशा ठिकाणी तो गेला, असे म्हणणे अधिक खरे ठरेल. शिवाय अन्न हे मुद्रित होत नाही. चांगला रस्सा ज्या संध्याकाळी झाला त्याच संध्याकाळी संपतो. त्याची कृती लिहून ठेवता येते, पण ती कृती म्हणजे तो रस्सा नव्हे, जशी गाण्याची लिहून काढलेली ओळ म्हणजे गाणे नव्हे. ताट रिकामे होऊन आत परत येणे हीच आचाऱ्याला मिळणारी दाद, आणि ती दादसुद्धा लगेच धुऊन टाकली जाते.

या समूहाच्या कहाणीत अन्न पहिल्यापासून डोकावत राहते, हा योगायोग असेल. परंतु वाचता वाचता त्याचे ओझे जाणवू लागते. पहिल्याच मुद्रिकेत ‘हॅम अँड एग्ज’ नावाचे एक खेळकर गाणे आहे, ज्यात कोलेस्टेरॉलच्या धास्तीने डुकराचे मांस आणि अंडी दूर सारली जातात आणि तरुण मुले घरच्या जेवणातील बऱ्यावाईटाची उजळणी करतात. ज्या वर्षी ते प्रसिद्ध झाले त्याच 1990 मध्ये फाइफला मधुमेह असल्याचे निदान झाले. त्याने हे लपवले नाही. 1993 च्या एका गाण्यात त्याने आपला मधुमेह बिरुदासारखा मिरवला, आणि पुष्कळ वर्षांनी, प्रकृती ढासळल्यावर, साखरेची ओढ ही व्यसनासारखीच असते हे त्याने समूहावरील एका चित्रपटाच्या कॅमेऱ्यासमोर निर्धास्तपणे कबूल केले. 2008 मध्ये त्याच्या पत्नीने त्याला आपले मूत्रपिंड दिले. चौघा मित्रांतला एक खाण्यामुळे क्षीण होत गेला आणि दुसऱ्याने खाऊ घालणे हे आयुष्याचे काम म्हणून पत्करले. या दोन गोष्टींत कार्यकारण शोधणे उद्धटपणाचे होईल. त्या शेजारी शेजारी ठेवाव्यात, एवढेच.

जरोबी गेल्यावर समूहाने जे केले ते तो असतानाच्या कामापेक्षा श्रेष्ठ आहे, हे मान्य करावेच लागते. 1991 ची ‘द लो एंड थिअरी’ ही मुद्रिका खर्जाच्या स्वराभोवती इतकी कसून बांधलेली आहे, जॅझचा ज्येष्ठ वादक रॉन कार्टर तिच्यात स्वतः येऊन डबल बेस वाजवून गेलेला आहे, आणि क्यू-टिप व फाइफ यांची उत्तर-प्रत्युत्तरे तिच्यात अशी घट्ट विणलेली आहेत, की मधल्या जागेतल्या सैल बोलण्याला तिथे वाव नव्हता. 1993 च्या ‘मिडनाइट मरॉडर्स’मध्ये गाण्यांच्या मधल्या जागा पुन्हा उघडल्या, पण तिथे बोलते ती एका वाटाड्या बाईची यांत्रिक, नेमस्त वाणी. तिची शोभा निराळी आहे, तरी ज्याने पहिली मुद्रिका आधी ऐकलेली असते, त्याला त्या वाणीत एक रिकामी खुर्ची ऐकू येते. 1998 मध्ये समूह फुटला. क्यू-टिप आणि फाइफ या दोन बालमित्रांमधला बेबनाव किती खोल गेला होता हे मायकल रॅपपोर्ट याने दिग्दर्शित केलेल्या 2011 च्या चित्रपटात उघडपणे दिसते, आणि त्याच चित्रपटात जरोबी दोघांविषयी सारख्याच जिव्हाळ्याने बोलताना दिसतो.

मधल्या काळात समूह अधूनमधून रंगमंचापुरता एकत्र येत राहिला आणि जरोबीही त्या एकत्र येण्यात परतला. 2012 मध्ये त्याने ‘ब्लॅक शीप’ या समूहातील ड्रेस याच्याबरोबर ‘स्पीड ऑफ लाइफ’ ही मुद्रिका काढली, आणि तिच्यासाठी दोघांनी ‘एव्हिटान’ असे जोडनाव घेतले. हे नाव इंग्रजी अक्षरे उलटी लावून ‘नेटिव्ह’ या शब्दापासून केलेले आहे. ‘नेटिव्ह टंग्ज’ म्हणजे जंगल ब्रदर्स, डे ला सोल, ट्राइब, क्वीन लतिफा अशा समविचारी कलावंतांचा 1990 च्या आसपासचा सैल परिवार, ज्याच्या मुशीत हे दोघे घडले. आपल्या मूळ परिवाराचे नाव मागून पुढे वाचावे, ही कल्पना ज्याला सुचते त्याचे मागे वळून पाहणे साध्या स्मरणरंजनाचे नसावे. मुद्रिका फार गाजली नाही. पण तीत जरोबी रॅप करतो, पूर्ण कडवी करतो, आणि दोन दशकांपूर्वीचा तो मधल्या जागेतला आवाज गाण्याच्या आत येऊन उभा राहिलेला आढळतो.

13 नोव्हेंबर 2015 रोजी, पहिल्या मुद्रिकेच्या पंचविशीनिमित्त, चौघांनी दूरचित्रवाणीवरील ‘द टुनाइट शो’मध्ये लू रीडच्या गाण्यातल्या त्या खर्जाच्या ओळीवरचे गाणे सादर केले. त्याच रात्री पॅरिसमध्ये दहशतवादी हल्ले झाले होते. त्या रात्रीनंतर पुन्हा एकदा मुद्रिका करायचे ठरले आणि क्यू-टिपच्या न्यू जर्सीतील घरातल्या मुद्रणकक्षात गुपचूप काम सुरू झाले. अट एकच होती, की सगळ्यांनी एका खोलीत यायचे. आपापल्या गावी मुद्रित करून तुकडे पाठवून देण्याची जी रीत आता सर्वत्र रूढ झाली आहे ती इथे चालणार नव्हती. फाइफ कॅलिफोर्नियाहून येत असे, आणि डायलिसिस म्हणजे यंत्राने रक्त शुद्ध करून घेण्याचे उपचार सांभाळत आपली कडवी मुद्रित करत असे. 22 मार्च 2016 रोजी त्याचे निधन झाले, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, मुद्रिका पुरी होण्याच्या आत.

‘वुई गॉट इट फ्रॉम हिअर... थँक यू फॉर युअर सर्व्हिस’ ही ती मुद्रिका 11 नोव्हेंबर 2016 रोजी आली आणि अमेरिकेतील खपाच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेली. तिच्या पहिल्याच गाण्यात क्यू-टिप, फाइफ आणि जरोबी एकमेकांच्या ओळीत ओळ मिसळून बोलतात, इतके की कोणाची ओळ कुठे संपली हे पहिल्या ऐकण्यात उमगत नाही. सव्वीस वर्षांनी चौथा माणूस पहिल्या गाण्यात आला होता, आणि ज्याच्या पूर्णवेळ येण्याला तो कधीकाळी कारण झाला होता, तो मित्र ध्वनिफितीत तेवढा उरला होता. दुसऱ्याच दिवशी ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या रंगमंचावर फाइफचे प्रचंड चित्र वरून उलगडले गेले, त्याचे कडवे त्याच्याच मुद्रित आवाजात वाजले, आणि जरोबी तिथे उभा होता. त्याचे उभे राहणे हे या वेळी सर्वांना दिसत होते.

2024 मध्ये क्लीव्हलंडच्या ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये, म्हणजे लोकप्रिय संगीतातील श्रेष्ठींच्या अमेरिकी मानमंदिरात, समूहाचा समावेश झाला, आणि तिथे चार नावे आहेत. त्यांतले चौथे नाव वाचून ज्याला 1990 ची ती पहिली मुद्रिका काढून ऐकावीशी वाटेल, त्याने ती सलग ऐकावी, आणि एखादे गाणे संपत आले तरी पुढच्या गाण्यासाठी लगेच हात पुढे करू नये.